बोटीचं काम करून घेताना फसलो. कापलेले तुकडे तुम्ही मागून घ्या

काम संपलं त्या दिवशी बोट इतकी स्वच्छ होती की मी मिस्त्रीचं तोंडभरून कौतुक केलं. कुठे भुशाचा कण नाही, वायरचा तुकडा नाही. जुने व्हॉल्व्हसुद्धा "भंगारात टाकतो" म्हणत त्याने स्वतःच उचलून नेले. "साहेब, आता दहा वर्षं बघायला नको," असं सांगून उरलेले पैसे घेतले आणि गेला. त्या साफसफाईचा अर्थ मला चार महिन्यांनी कळला. लाकडाचे आणि वायरचे तुकडे मागे राहिले असते, तर त्याची लबाडी त्याच दिवशी उघडी पडली असती.

माझी बोट सात मीटरची, फायबरग्लासची. नदीत, तलावात दोन-चार दिवस मुक्काम करत फिरता यावं एवढी छोटी केबिन आहे. केबिनमधली जमीन पायाखाली दबायला लागली होती, वायरिंग जुनं झालं होतं. म्हणून एकदाच सगळं काम काढलं. मरीन प्लायची नवी जमीन, सगळी वायर नवी, दिवे-पंपासाठी दोन बॅटऱ्या, पाणी आत-बाहेर न्यायला तळाला जी भोकं असतात त्यांच्यावरचे तीन व्हॉल्व्ह आणि गंज रोखणारे बाहेरचे ॲनोड. कोणता माल वापरायचा ते मी यादीत लिहून दिलं, त्याने खाली सही केली. मालासाठी अर्धी रक्कम आगाऊ दिली. काम चालू असताना रोज फोटो यायचे. प्लायवरचा बीएस १०८८ चा (मरीन प्लायच्या ब्रिटिश मानकाचा) शिक्का, वायरचं भेंडोळं, हातात धरलेला नवाकोरा व्हॉल्व्ह. फोटो खरेच होते, पण त्यातला माल माझ्या बोटीत लागला नाही.

मुक्कामाच्या पहिल्याच रात्री दिवे मंद झाले आणि पाण्याचा पंप अडखळायला लागला. पंप चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पंपाच्या टोकाशी १०.७. वाटेतच पावणेदोन व्होल्ट गायब होत होते. बोटीतलं वायरिंग घरातल्यासारखं नसतं हे इथे समजून घ्यायला हवं. ६० वॉटच्या पंपाला २३० व्होल्टवर पाव अँपियर पुरतो, १२ व्होल्टवर त्यालाच ५ अँपियर लागतात. त्यामुळे वायर चांगली जाड लागते, आणि दमट हवेत तांबं काळं पडू नये म्हणून प्रत्येक तारेला कथिलाची कल्हई केलेली असावी लागते.

मी पॅनेल उघडलं. टोकाशी तारा चंदेरी, कल्हईच्याच दिसत होत्या. शेजारच्या बोटीवरचे काका बघायला आले होते, ते म्हणाले, "टोक नको बघूस, मधे काप." मधे कापली तर तारा तांबूस निघाल्या. काकांनी चाकूच्या पात्याने एक तार खरवडली आणि तांब्याखालून पांढरं ॲल्युमिनियम वर आलं. वर तांब्याचा पातळ थर, आत सगळं ॲल्युमिनियम. प्रत्येक टोकाला इंचभर सोल्डर फिरवून त्याने कल्हईचा देखावा केला होता. इतका वेळ फसवण्यात घालवणारा माणूस काम नीट करायला कंटाळला असेल असं मला वाटत नाही. त्याने हे ठरवूनच केलं होतं. अशी वायर वीज कमी वाहून नेते, जोडाशी सैल पडते आणि तिथेच तापते. मी ज्या फळीवर झोपायचो तिच्याखालच्या एका जोडाचं आवरण तपकिरी पडून मऊ झालेलं सापडलं. त्या रात्री मी मेन स्विच बंद करून टॉर्चच्या प्रकाशात बसून राहिलो.

मग एकेक गोष्ट तपासली. व्हॉल्व्ह आठवले की अजून अंगावर काटा येतो. तीनपैकी दोन नवे होते, पण साधे पितळी, घरातल्या नळाला लावतात तसे. तिसरा जुनाच होता, रंग मारून ठेवलेला. रंग खरवडला तर खालचा धातू पिवळा नव्हता, गुलाबी होता. पितळ सतत पाण्यात राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. हा गुलाबी रंग त्याचीच खूण. बोट पाण्याबाहेर काढल्यावर मी त्याचा दांडा जरा जोराने फिरवला, तर व्हॉल्व्हच मानेपासून तुटून हातात आला. हेच पाण्यात झालं असतं तर? अर्धा मीटर खोलीवरच्या २५ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला पन्नासेक लिटर पाणी आत येतं. माझा तळातला पंप तिसाच्या आसपास लिटर उपसतो. पत्नी आणि मुलगी त्या बोटीत झोपल्या होत्या.

बाकीचं थोडक्यात. ॲनोड मॅग्नेशियमचे लिहिले होते, लावले जस्ताचे. गोड्या पाण्यात जस्तावर कडक पापुद्रा धरतो आणि ते काम करेनासं होतं. मॅग्नेशियम जस्तापेक्षा चौपट हलकं असतं, नुसतं हातात घेतलं असतं तरी कळलं असतं. वर त्या जस्तावर रंगही फासलेला. बॅटऱ्या दिवे-पंपासाठीच्या नव्हत्याच, इंजिन चालू करायच्या होत्या, त्यांना नवं लेबल चिकटवलेलं. त्याने मला चार्जर काढल्या काढल्या १३ व्होल्ट दाखवले होते. रात्रभर काही न लावता ठेवल्यावर भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. माझ्या दोन्ही १२.२ च्याही खाली होत्या. जमिनीच्या कडा पट्टी मारून झाकल्या होत्या. पट्टी काढून तुकडा कापला, तासभर उकळला, आणि थर पत्त्यांसारखे सुटले.

मिस्त्रीला फोन केला. "दुकानदाराने मलाच फसवलं," म्हणाला. रंगवलेला जुना व्हॉल्व्हही दुकानदारानेच दिला का, असं विचारल्यावर त्याने फोन ठेवला. नंतर उचललाच नाही. सही केलेली यादी, त्याचे फोटो आणि कापलेली वायर जोडून रीतसर तक्रार केली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. एक चूक माझीही झाली, तुटलेल्या वस्तू हलवण्याआधी जागेवरच त्यांचे फोटो काढायला हवे होते.

या वेळी दुसऱ्या मिस्त्रीशी पहिल्याच दिवशी ठरवलं की प्रत्येक वायरचा, प्रत्येक फळीचा कापलेला तुकडा माझ्यापाशी राहील, जुना काढलेला भाग मला दाखवल्याशिवाय जाणार नाही, आणि मी बघेपर्यंत काहीही झाकायचं नाही. पैसे टप्प्याटप्प्याने, बघितल्यावर. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी स्वतःच एक पिशवी आणून ठेवली आणि तिच्यावर खडूने बोटीचं नाव घातलं. काल प्लायचा तुकडा मी घरी नेऊन उकळला, रात्रभर वाळवला. सकाळी नखाने कडा उचकटायचा प्रयत्न केला, थर सुटला नाही. मग त्यांना फोन करून सांगितलं, जमीन बसवा.