८११ क्रमांकाच्या सहा खुर्च्या आणि १९५८ चा शिक्का

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी चेकियातील विसोचिना भागातल्या एका खेड्यातून वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या जाळीच्या सहा खुर्च्या ३९,००० कोरुना देऊन घरी आणल्या. सहाही खुर्च्या १९५८ सालच्या आहेत, असे मला सांगण्यात आले होते. त्या काळातली त्यांत एकच निघाली. हा अनुभव लिहिण्यास मी बराच संकोच केला, कारण फसवणूक झाली ती खुर्च्यांविषयी काहीच ठाऊक नसल्यामुळे नव्हे, तर आपल्याला पुरेसे ठाऊक आहे या समजुतीमुळे झाली. परंतु येथे चेकियात, ब्रनो आणि प्राग या शहरांत राहणारे दोन-तीन मराठी परिचित अशाच खुर्च्यांच्या शोधात आहेत हे समजल्यावर गप्प राहणे योग्य वाटले नाही.

माझे बालपण पुण्यात गेले. वडिलांबरोबर कॅम्पातल्या इराणी हॉटेलात बनमस्का खाताना ज्या काळपट, गोल पाठीच्या खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून मी बसत असे, ती वाफेवर वाकवलेल्या लाकडाची होती हे मला पुढे तीस वर्षांनी, नोकरीनिमित्त ब्रनोला आल्यावर कळले. येथे एका इमारतीचे सामान बाहेर काढले जात असताना कचऱ्याच्या ढिगात तशीच एक खुर्ची दिसली. ती उलटी करून पाहिली, तेव्हा बैठकीच्या चौकटीखाली ‘टॉन’ या कारखान्याची फाटकी चिठ्ठी होती. तेथून हा नाद लागला, आणि नऊ वर्षांत घरात चौदा खुर्च्या जमल्या. पत्नीच्या हिशेबाने त्या माणसांपेक्षा अकरा जास्त आहेत.

फसवणूक नेमकी कशी झाली हे समजण्यासाठी या खुर्च्यांची थोडी माहिती आवश्यक आहे. मिखाएल टोनेट या जर्मन सुताराला भरीव लाकूड वाकवण्याच्या पद्धतीचा विशेषाधिकार (त्या काळचे पेटंट) व्हिएन्नातून १८५६ मध्ये मिळाला आणि बीच नावाच्या झाडाच्या जंगलांच्या ओढीने त्याने मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेकियाच्या पूर्व भागात, आधी कोरिचानी येथे व नंतर, १८६१ मध्ये, बिस्त्र्झित्से पॉड होस्टिनेम या गावी कारखाना काढला. बीचच्या कांबी वाफेत मऊ करायच्या, बाहेरच्या बाजूचे तंतू ताणून तुटू नयेत म्हणून त्या अंगाला पोलादी पट्टी जखडायची, दोन माणसांनी मिळून त्या लोखंडी साच्यात ओढून बसवायच्या आणि साच्यासकट वाळवायच्या, ही त्याची रीत. बिस्त्र्झित्सेच्या त्याच कारखान्यात आजही लाकूड हातानेच वाकवले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९५३ पासून त्याला ‘टॉन’ हे नाव मिळाले, जे ‘वाकवलेल्या फर्निचरचा कारखाना’ या अर्थाच्या चेक शब्दांची आद्याक्षरे जोडून झाले आहे.

मी घेतलेला नमुना ८११ क्रमांकाचा. त्याची आखणी १९३० च्या सुमाराची असून तिचे श्रेय ऑस्ट्रियन वास्तुरचनाकारांपैकी कोणी योझेफ हॉफमान यांना देतात, तर कोणी योझेफ फ्रांक यांना. गोलाई दिलेल्या कोपऱ्यांची चौकट, बैठक आणि पाठ दोन्ही वेताच्या जाळीची, असे तिचे रूप आहे. हाच नमुना युद्धानंतरही निघत राहिला आणि आजही निघतो. म्हणजे १९५८ ची ८११ आणि १९९८ ची ८११ दहा फुटांवरून सारखीच दिसते, आणि फसवणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट सोयीची असते. त्याला खुर्ची बनावट करावीच लागत नाही. बनवावे लागते ते फक्त तिचे वय.

वर्षही त्याने विचार करूनच निवडले होते. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनाला सर्वोत्तम दालनाचा मान मिळाला आणि त्यानंतर त्या देशातल्या घरगुती वस्तूंच्या एका संपूर्ण शैलीलाच लोक ‘ब्रसेल्स’ म्हणू लागले. ८११ चा त्या शैलीशी काही संबंध नाही, तरीही १९५८ हा आकडा दिसला की संग्राहकांचे डोळे लकाकतात. माझेही लकाकले.

जाहिरातीत लिहिले होते की गावच्या सांस्कृतिक भवनासाठी १९५८ मध्ये घेतलेल्या या खुर्च्या पुढे आजीच्या खेड्यातल्या घरी आल्या, आजी वारली, घर विकायचे आहे, म्हणून त्या देणे आहे. सोबत चुन्याच्या भिंतीपुढे उन्हात ठेवलेल्या एकाच खुर्चीचे छायाचित्र होते. मागच्या डाव्या पायावर एक लांब ओरखडा आणि जाळीचा रंग जुन्या मधासारखा. मी दूरध्वनी केला. गृहस्थ अत्यंत नम्र होते, माझ्या मोडक्यातोडक्या चेक बोलण्याला कंटाळले नाहीत आणि ‘आणखी एक जण रविवारी येतो म्हणाला आहे, पण तुम्ही आवडीने घेत आहात, तर तुमच्यासाठी थांबतो,’ असे म्हणाले. त्याच संध्याकाळी मी ९,००० कोरुना आगाऊ पाठवले.

शनिवारी मी गाडी घेऊन पोहोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता, कारण त्यांनीच मला चारनंतरची वेळ दिली होती. छायाचित्रातली खुर्ची अंगणात ठेवलेली होती. ती मी नीट पाहिली, हलवून पाहिली, तिच्यावर बसलो. बाकीच्या पाच धान्याच्या कोठारात घोंगड्यांत गुंडाळून, दोन-दोन एकमेकींवर पालथ्या घालून दोरीने बांधलेल्या होत्या. दिवा नव्हता. मी मोबाइलच्या उजेडात प्रत्येकीची चिठ्ठी पाहिली. पाचही चिठ्ठ्यांवर कारखान्याचे नाव आणि खाली जांभळ्या शाईत १९५८ चा शिक्का होता. अंगणातल्या खुर्चीची चिठ्ठी मात्र अर्धी फाटलेली होती आणि तिच्यावर वर्ष नव्हते. खरे सांगायचे तर मला शंका आली ती त्या एकीविषयीच. ती मी बोलूनही दाखवली, तेव्हा गृहस्थ हसले आणि तिच्यापोटी ५०० कोरुना कमी करतो म्हणाले. मी मोठेपणाने नको म्हटले, उरलेले ३०,००० रोख मोजून दिले आणि घरच्या प्लमच्या दारूची एक बाटली भेट म्हणून घेऊन आनंदाने परतलो. पावती मागितली नाही. आजी वारलेल्या माणसाकडे पावती काय मागायची, असे तेव्हा वाटले होते.

तिसऱ्या दिवशी मी एका खुर्चीची जाळी ओल्या कापडाने पुसली आणि कापड तपकिरी झाले. धूळ असेल म्हणून दुसरे कापड घेतले, तेही तसेच झाले. दोन्ही कापडांना किंचित चहाचा वास होता. पुसलेल्या जागी खालचा वेत फिका पिवळा, जवळजवळ नवा दिसत होता. आता जाळी बदललेली असणे हा काही गुन्हा नव्हे. वेत वापराने तुटतोच आणि जुन्या खुर्चीची जाळी आयुष्यात एकदा-दोनदा बदलली जाणे स्वाभाविक आहे. पण जाळी बदलणारा माणूस ती चहात रंगवत नाही.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त सुतार आजोबा राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलेच नाही. खुर्ची उलटी केली, कापसाचा बोळा आधी स्पिरिटमध्ये आणि मग थिनरमध्ये बुडवून चौकटीच्या आतल्या बाजूस टेकवला. अंगणातल्या खुर्चीचे पॉलिश थिनरने मऊ होऊन बोळ्याला लागले. बाकी पाचांचे ढिम्म हलले नाही. ते नंतरच्या काळातले पॉलियुरेथेनचे, थिनरला दाद न देणारे कृत्रिम पॉलिश होते आणि त्यावर मेणात काजळी मिसळून चोळले होते. मग त्यांनी एक स्क्रू काढला. स्क्रू सरळ खाचेचा, जुन्या घाटाचा, बरोबर होता. परंतु त्याच्या डोक्याभोवती लाकडावर फुलीच्या खाचेच्या स्क्रूड्रायव्हरने घसरून पडलेले ताजे ओरखडे होते आणि डोक्यासाठीची खोलगट जागा त्या स्क्रूपेक्षा मोठी होती. जुना स्क्रू कोठेही मिळतो, त्याला जुने भोक मिळत नाही, एवढेच आजोबा म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

त्यानंतर मी चिठ्ठ्या खिडकीजवळ नेऊन वाचल्या, आणि मला जे दिसले त्याची लाज अजून वाटते. पाचही चिठ्ठ्यांवर उजव्या कोपऱ्यात एकाच आकाराचा डाग होता आणि घडीची रेघ एकाच अक्षरातून गेली होती. एकाच चिठ्ठीच्या त्या पाच प्रती होत्या. मूळ चिठ्ठी खरी असावी, पण ती १९५८ ची नव्हती. तिच्यावर देशाच्या नावाचा जो चार अक्षरी संक्षेप होता तो ‘चेकोस्लोव्हाक समाजवादी प्रजासत्ताक’ याचा. हे नाव देशाला जुलै १९६० मध्ये मिळाले. आणि गावाच्या नावाआधी ७६८ ६१ असा पाच आकडी पिन कोड छापलेला होता. चेकोस्लोव्हाकियात असे पिन कोड १९७३ मध्ये सुरू झाले. माझ्या स्वतःच्या पत्त्यात मी असे पाच आकडे रोज लिहितो, त्यामुळेच कदाचित ते डोळ्यांना खटकले नाहीत. शिक्क्यातले वर्ष तेवढे वाचले, कारण वाचायचे होते ते तेवढेच.

दूरध्वनी केला तेव्हा गृहस्थ पूर्वीइतकेच नम्र होते. ‘मी तुम्हाला टॉनच्या खुर्च्या म्हणून दिल्या आणि त्या टॉनच्याच आहेत. तुम्ही स्वतः येऊन, पाहून, उचलून नेल्या,’ असे ते म्हणाले. यातला प्रत्येक शब्द खरा होता. खुर्च्या त्याच कारखान्याच्या, त्याच बीचच्या लाकडाच्या, मजबूत आणि बसायला उत्तम आहेत. फक्त त्या वयाच्या खुर्च्या मी पूर्वी २,००० कोरुनांच्या आत विकत घेतलेल्या आहेत आणि यांच्यासाठी प्रत्येकी ६,५०० मोजले. वर्षाविषयी विचारताच ते म्हणाले, ‘मी असे कोठे लिहून दिले आहे?’

खरोखरच लिहून दिलेले नव्हते. १९५८ हा आकडा फक्त जाहिरातीत होता आणि जाहिरात त्यांनी शनिवारी रात्रीच काढून टाकली होती. आमच्या संदेशांमध्ये त्यांनी प्रत्येक वेळी ‘सुंदर जुन्या खुर्च्या’ एवढेच लिहिले होते, हे मी सारे संदेश पुन्हा वाचल्यावर लक्षात आले. ग्राहकांच्या तक्रारी पाहणारी येथील सरकारी व्यापार तपासणी यंत्रणा व्यावसायिक विक्रेत्यांविरुद्धच काम करते आणि दूरस्थ खरेदी चौदा दिवसांत परत करण्याचा हक्कही व्यावसायिकाकडून घेतलेल्या वस्तूलाच लागू होतो. हे गृहस्थ कागदोपत्री व्यावसायिक नव्हते, आजीचे नातू होते. आजीची गोष्ट केवळ मन विरघळवण्यासाठी नसते, तिचा असाही उपयोग असतो, हे मला उशिरा कळले. पोलिसांत मी लेखी तक्रार दिली. तेथील अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि वर्ष सांगितल्याचा पुरावा मागितला. तो माझ्याजवळ नव्हता.

म्हणून या नादात असलेल्यांना माझी विनंती आहे की जाहिरात दिसताच, विक्रेत्याशी बोलण्याआधीच, तिचे चित्र जपून ठेवावे आणि पहिल्याच संदेशात वर्ष, नमुना व नगांची संख्या लिहून त्यावर होकार मागावा. व्यावसायिक असल्यास त्याचा आठ आकडी नोंदणी क्रमांक विचारावा. तो सरकारी नोंदवहीत कोणालाही विनामूल्य तपासता येतो. संध्याकाळची वेळ दिली तर सकाळची मागावी, आणि एक खुर्ची उजेडात व बाकीच्या अंधारात असतील तर आधी अंधारातल्या बाहेर काढायला लावाव्यात. सहा खुर्च्या साठ वर्षे वापरात राहिल्या असतील तर त्यांची झीज सारखी नसते. एकीचा पुढचा पाय घासलेला, दुसरीची पाठ काळवंडलेली, तिसरीचा सांधा सरसाने पुन्हा जोडलेला, असे काही तरी दिसायला हवे. माझ्या पाचही जणी जुळ्या बहिणींसारख्या होत्या. चिठ्ठी मात्र सर्वांत शेवटी वाचावी, आणि वाचावी तर तिच्यावरचे प्रत्येक अक्षर वाचावे.

भारतातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. मुंबई-पुण्यातली इराणी हॉटेले बंद होत गेली तशा तेथून निघालेल्या ‘चेक’ किंवा ‘पोलंडच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खुर्च्या मला छायाचित्रांतून अनेकदा दाखवल्या जातात. त्यांतल्या काही नक्कीच युरोपातून आलेल्या असतात, काहींत सागवानाचे तुकडे गोल कापून जोडलेले असतात. वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर अखंड वळत जाते, कापलेल्या लाकडात ती वळणावर कडेला येऊन तुटते. शिवाय बीचच्या अंगावर तिळाएवढ्या आखूड तपकिरी रेघा असतात, ज्या सागवानात नसतात. पॉलिश काळे असेल तर बैठकीखालची बाजू पाहावी.

मार्च महिन्यात मला एक जाहिरात दिसली. गाव दुसरे होते, नाव दुसरे होते, आणि खुर्च्या या वेळी शाळेच्या वाचनालयातल्या, १९५८ च्याच, चार नग होत्या. आजी मात्र होती. सोबत चुन्याच्या भिंतीपुढे उन्हात ठेवलेल्या खुर्चीचे छायाचित्र होते आणि तिच्या मागच्या डाव्या पायावर एक लांब ओरखडा होता. ती खुर्ची त्या वेळी माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीशी होती. मी आधी जाहिरातीचे चित्र जपून ठेवले, मग खुर्ची त्याच कोनातून उन्हात ठेवून तिचे छायाचित्र काढले आणि दोन्ही छापून पोलिसांच्या त्याच अधिकाऱ्याकडे नेऊन दिली. या वेळी त्याने ती फाइलला लावून घेतली.