वाइन लेव्हल ३ च्या लेखी पेपरच्या तयारीचं ऑनलाइन पॅकेज : दहा महिन्यांनंतर

काल दुपारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पॅकेजवाल्यांचा मेसेज आला. मुदत संपली आहे, आज नूतनीकरण केलं तर वीस टक्के सूट. मुदत मे महिन्यातच संपली होती. मी लिहिलेली बारा उत्तरं, तपासणाऱ्यांच्या शेऱ्यांसकट, तेव्हापासून त्यांच्या ॲपमध्ये कुलूपबंद पडून आहेत. माझीच उत्तरं मला बघायची तर पुन्हा पैसे भरायचे. तो मेसेज वाचला आणि ठरवलं, आता हा सगळा अनुभव लिहून टाकायचा.

मी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात रेस्टॉरंट सुपरवायझर आहे. डब्ल्यूएसईटी या लंडनच्या वाइन-शिक्षण संस्थेची लेव्हल ३ परीक्षा करायची हे दोन वर्षांपासून मनात होतं. परीक्षा मुंबईला जाऊन द्यायची, तयारी मात्र इथे नागपुरातच, ड्युटी सांभाळून. लेखी भागाची धास्ती होती, म्हणून गेल्या नोव्हेंबरात दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भर घालून साडेअठरा हजारांचं हे सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं. व्हिडिओंबद्दल तक्रार नाही. नकाशे स्पष्ट आहेत, दीडपट वेगाने ऐकले तरी समजतात. वस्तुनिष्ठ प्रश्नांचा साठाही भरपूर आहे; सरावात ५० पैकी ४० च्या खाली मी क्वचितच आले. पण पुस्तक दोनदा नीट वाचलं तर तेवढं पॅकेजशिवायही जमतं. मी पैसे मोजले ते बारा लेखी उत्तरं तपासून मिळणार होती त्यासाठी. म्हणजे एका उत्तराला दीड हजाराच्या वर. हा हिशेब डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आता त्या टायपिंगच्या चौकोनाबद्दल. ॲपमध्ये उत्तर एका चौकोनात टाइप करावं लागतं. हाताने लिहून फोटो टाकायची सोय नाही. तीन अक्षरं टाइप केली की खाली सूचना येतात : गेवुर्ट्झट्रामिनर, ट्रॉकनबीरनआउसलेझ, शॅतोनफ-द्यु-पाप, सगळी नावं अचूक स्पेलिंगसह हजर. बोट लावलं की काम झालं. कॉपी-पेस्ट आहे, मधलं वाक्य वर सरकवता येतं, वेळ लावलेला नाही. आणि प्रत्येक उपप्रश्नाला किती गुण आहेत तेही दाखवत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात मला हे सगळं फार आवडलं होतं. रात्री अकरा-साडेअकराला ड्युटीवरून येऊन, पाय वर घेऊन, मोबाइलवर उत्तर लिहिता यायचं. मैत्रिणीला मी तेव्हा हे पॅकेज घे म्हणून सांगितलंसुद्धा होतं. तो सल्ला मी आज मागे घेते.

कारण मुंबईच्या केंद्रावर समोर कागद होता आणि हातात पेन. दोन तासांत ५० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि २५-२५ गुणांचे चार लेखी प्रश्न. मार्चमध्ये रात्रीच्या दुरांतोने गेले. टेस्टिंगची (वाइन चाखून वर्णन लिहायची) दोन ग्लासं चांगली गेली. वस्तुनिष्ठ प्रश्न वेळेत झाले. लेखीचा दुसरा प्रश्न संपता संपता अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. कॉलेज सोडल्यापासून सलग अर्धं पानसुद्धा मी हाताने लिहिलं नव्हतं. बिलावर सही आणि ऑर्डरचे चार शब्द एवढंच. एका जर्मन नावाची पहिली चार अक्षरं लिहिली आणि हात थांबला, पुढचं स्पेलिंग आठवेना. चार महिने ते नाव मी रोज वापरत होते, पण पूर्ण एकदाही लिहिलं नव्हतं. चौथ्या प्रश्नाचे शेवटचे दोन भाग कोरे राहिले. मे महिन्यात निकाल आला. टेस्टिंग पास, लेखी ५२ टक्के. पासाला ५५ लागतात.

तीन टक्क्यांनी गेलं, आणि माझं ठाम मत आहे की ते त्या चौकोनाने घालवलं. निकालानंतर मी घरी प्रयोग केला. तोच प्रश्न, तेच उत्तर : टाइप करायला १८ मिनिटं लागली, हाताने लिहायला ३१. ज्या परीक्षेत एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम अठरा-एकोणीस मिनिटं येतात, तिच्या तयारीसाठी दीड हजाराला एक उत्तर विकताना ही गोष्ट कुणाच्या लक्षात येऊ नये? फोटो चढवायचं बटण द्यायला कितीसा खर्च येतो?

तपासणीचं भांडण त्याआधीचं, फेब्रुवारीतलं. पहिली तीन उत्तरं पाठवली. सात दिवसांत तपासून देऊ असं लिहिलेलं होतं, एकोणीस दिवस लागले. तिन्ही उत्तरांखाली अक्षरशः एकच वाक्य : ‘अधिक तपशील द्या.’ एक उत्तर शॅम्पेनवर, एक मोझेलवर (जर्मनीतला वाइनचा प्रदेश), एक शेरीवर (स्पेनची वाइन). मोझेलच्या उत्तरात तपशील इतके होते की चौकोनाची शब्दमर्यादा संपली होती. मी मेल केला. ‘आपला अभिप्राय नोंदवला आहे’ असं उत्तर आलं. पुन्हा मेल केला, पुन्हा तेच. फोनवरच्या मुलीचा आवाज गोड होता, पण वाइनमधलं तिला काही माहीत नव्हतं आणि वरिष्ठांना जोडून द्यायची परवानगी नव्हती. पाचव्या मेलमध्ये मी तिन्ही शेऱ्यांचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लावले, खाली साडेअठरा हजारांच्या पावतीचा आकडा लिहिला आणि परतावा मागितला. परतावा मिळाला नाही. पण तिन्ही उत्तरं दुसऱ्या तपासनिसाकडे गेली. दुर्दैवाने ती परत आली तेव्हा मार्चची परीक्षा होऊन गेली होती.

आणि इथे मला माझं मत बदलावं लागलं. त्या दुसऱ्या व्यक्तीने (नाव कळलं नाही, फक्त आद्याक्षरं होती) शेरीच्या उत्तराचं जे केलं, ते मला कुठल्याच व्हिडिओतून मिळालं नव्हतं. प्रश्न होता, फिनो फिकट आणि ओलोरोसो तपकिरी का असते ते स्पष्ट करा. (दोन्ही शेरीचेच प्रकार; फ्लोर म्हणजे वाइनवर धरणारी यीस्टची साय, फोर्टिफाय म्हणजे वरून स्पिरिट घालून अल्कोहोल वाढवणं.) मी लिहिलं होतं : फिनो फ्लोरखाली मुरते. ओलोरोसो फ्लोरशिवाय मुरते. फिनो १५ टक्क्यांना, ओलोरोसो १७ ला फोर्टिफाय करतात. फिनो फिकट असते, ओलोरोसो गडद. सगळं बरोबर. त्या तपासनिसाने प्रत्येक वाक्याच्या पुढे एकच शब्द लिहिला होता : सो? चार वाक्यं, चार वेळा सो? आणि खाली २५ पैकी ९.

सुरुवातीला राग आला. मग बसून पुन्हा लिहिलं. दोन्हींची मूळ वाइन पालोमिनोची, साखर संपेपर्यंत आंबवलेली. फिनोसाठी अल्कोहोल १५ च्या आसपास ठेवतात, कारण तेवढ्यात फ्लोर हे यीस्ट जगतं. पिंप काठोकाठ भरत नाहीत, म्हणून पृष्ठभागावर फ्लोरला हवा मिळते आणि त्याची साय धरते. ती साय वाइनला ऑक्सिजनपासून झाकते, म्हणून रंग फिकट राहतो, आणि तिच्यामुळे ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, म्हणून तो फिनोचा खास वास. ओलोरोसो १७ वर नेली की फ्लोर जगत नाही, ऑक्सिजन थेट लागतो, म्हणून रंग तपकिरी आणि चव अक्रोड-कॅरमेलकडे जाते. माहिती जवळजवळ तीच. फक्त प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला ‘म्हणून’ने बांधलेलं. हे उत्तर त्याच व्यक्तीकडून २५ पैकी २० घेऊन आलं.

त्यामुळे तपासणी वाईट आहे असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. तपासणारं माणूस कोण येतं त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते निवडायची सोय पॅकेजमध्ये नाही. बारापैकी पाच उत्तरं त्या व्यक्तीकडे गेली. उरलेल्या सातांवर मला एकही उपयोगी ओळ मिळाली नाही. मग उपयोगी उत्तराचा भाव ३,७०० रुपये पडला, तोही पाच मेल आणि तीन फोन करून.

निकाल आला त्या आठवड्यात पॅकेजची मुदत संपली आणि ते पाच शेरेही गेले. चार दिवस सुट्टी होती, मी काटोलजवळ गावी गेले. बाहेर ४५ अंश, घरात कूलर. आमची संत्र्याची बाग आहे. बाबांनी आयुष्यात वाइन चाखलेली नाही, चाखणारही नाहीत, पण माझं तोंड पाहून विचारलं की पोरी, नेमकं येत काय नाही? मी म्हटलं, बाबा, येतं सगळं, लिहिता येत नाही. ‘मंग मले सांग. मले समजलं त त्याईले बी समजंल.’

मी सोतर्न घेतलं. फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या दक्षिणेला, बुरशी लागलेल्या द्राक्षांची गोड वाइन. बाबांचा हात तिथेच थांबला. आमच्याकडे डिंक्या आणि कोळशी (संत्र्यावरचे बुरशीचे रोग) हे शब्द घरात कुणी हसत उच्चारत नाही. ‘बुरशी आली त माल गेला ना?’ मी म्हटलं, ही बुरशी हवी असते. ‘काहून?’ कारण ती सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं, साखर, आंबटपणा, स्वाद सगळं घट्ट होतं. ‘तिथंच काहून येते?’ सिरों नावाची छोटी थंड नदी गारोन या मोठ्या, जरा ऊबदार नदीला मिळते, म्हणून शरद ऋतूत सकाळी धुकं धरतं, त्या ओलाव्यात बुरशी वाढते. ‘अन् दुपारी ऊन नाही पडलं त?’

हा प्रश्न पॅकेजमधल्या एकाही नमुना उत्तरात नव्हता. ऊन पडलं नाही तर ओलावा राहतो आणि तीच बुरशी घड सडवते. दुपारी ऊन पडतं, द्राक्षं सुकतात, म्हणूनच ती वाइन होते. ‘मंग महाग काहून?’ सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, मजुरांना त्याच वेलीवर पुन्हा पुन्हा जाऊन हाताने वेचावं लागतं, आणि सुकलेल्या मण्यात रस कितीसा निघणार. बाबा म्हणाले, बरोबर आहे, तोडाईच तीन-चार वेळा आली. हे सगळं मी कळमना मार्केटच्या एका जुन्या पावतीच्या मागे लिहून घेतलं. ती पावती आजही वहीत आहे. मोजलं, तर पूर्ण २५ गुणांचं उत्तर त्या पावतीवर होतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ताणाबद्दल बोललो, आणि तेव्हा तर मला शिकवायची वेळच आली नाही. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडाने पानं गाळली की जानेवारीत पाणी सोडायचं, मग फुलं येतात. भारी काळ्या जमिनीत ताण लांबवावा लागतो, हलक्या जमिनीत लवकर बसतो. द्राक्षवेलीत ताणाचं काम वेगळं आहे. तिथे पिकण्याच्या काळात पाणी थोडं कमी पडलं की फांद्यांची वाढ थांबते आणि वेलीची ताकद घडाकडे जाते. पाणी जास्त झालं तर पानंच वाढतात आणि घड सावलीत राहतात. पण निचरा होणारी जमीन का मोलाची, बोर्दोजवळच्या मेदॉकच्या गोट्यांत काबर्ने का लावतात (गोटे पाणी सोडतात आणि लवकर तापतात, आणि काबर्ने उशिरा पिकणारं द्राक्ष), हे मला बाबांच्या मातीतून जितकं पक्कं समजलं तितकं बेचाळीस व्हिडिओंतून समजलं नव्हतं.

नागपूरला परत आल्यावर बर्डीच्या बाजारातून २०० पानी लाँगबुकं आणली, दोन निळी बॉलपेनं आणली. मोबाइलवर १८ मिनिटांचा गजर लावायचा, मोबाइल पालथा ठेवायचा, एक प्रश्न हाताने लिहायचा. लिहून झालं की लाल पेनाने प्रत्येक वाक्यापुढे ‘काहून?’ लिहायचं. जिथे पुढच्या वाक्यात उत्तर नाही, तिथे गुण नाहीत. प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित करायचं : ‘ओळखा’ असेल तर नाव देऊन पुढे जायचं, ‘वर्णन करा’ असेल तर कशी आहे ते सांगायचं, ‘स्पष्ट करा’ असेल तिथेच कारणांची साखळी लावायची. मार्चमध्ये मी ‘ओळखा’च्या एका प्रश्नावर अर्धं पान घालवलं होतं. पहिले दोन आठवडे मनगट दुखलं, रात्री गरम पाण्याचा शेक घेतला. तिसऱ्या आठवड्यात ३१ मिनिटांची २२ झाली, जुलैच्या शेवटी १७.

ऑगस्टमध्ये फक्त लेखी पुन्हा दिली. चारही प्रश्न पूर्ण झाले, शेवटी चार मिनिटं उरली. गेल्या आठवड्यात निकाल कळला : ७१ टक्के, मेरिट. बाबांना फोन केला तेव्हा ते बागेत होते. त्यांनी आधी विचारलं, तो बुरशीवाला आला होता का?

घ्यायचं की नाही, असं कुणी विचारलं तर माझं म्हणणं असं. ज्यांना रोज हाताने लिहायची सवय आहे, शिकवतात वगैरे, त्यांनी फक्त तपासणी वेगळी मिळत असेल तर घ्यावी, आणि पहिला शेरा मोघम आला तर त्याच दिवशी मेल करावा, माझ्यासारखे तीन येईपर्यंत थांबू नये. ज्यांचं लिहिणं सुटलंय त्यांनी हे पैसे राखून ठेवावेत आणि ते सराव टेस्टिंगच्या बाटल्यांवर घालावेत. नागपूरच्या उन्हाळ्यात उघडलेली बाटली फ्रिजबाहेर एक दिवसही टिकत नाही, त्यामुळे तो खर्च तुम्ही धरला असेल त्याहून जास्त होतो. आणि काहीही घेतलं तरी प्रत्येक शेऱ्याचा स्क्रीनशॉट त्याच रात्री काढून ठेवा.

कालच्या मेसेजला मी उत्तर पाठवलं आहे. दोनच गोष्टी विचारल्या : हाताने लिहिलेल्या उत्तराचा फोटो स्वीकारणार का, आणि माझी बारा उत्तरं मला परत मिळणार का. अजून काही आलेलं नाही. आलं की इथेच खाली लिहीन.