बाईक सुरू होईना: मल्टीमीटर की टेस्ट लॅम्प?

बटण दाबलं की नुसतं 'टिक' होतं? मग आधी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) घ्या. बॅटरी एरवी 12.6 व्होल्ट दाखवते आणि स्टार्टर दाबताच 9 च्या खाली कोसळते, तर संशय बॅटरीवरच घ्या. आकडा जेमतेम हलला, तर करंट पुढे जातच नाहीये. रिले (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) आणि जाड वायरी बघा. टेस्ट लॅम्प (वायरीला टेकवून करंट येतोय का बघायचा छोटा दिवा) एवढं सांगू शकत नाही.

पण मीटर फसवतोही. हिरवट गंज चढलेल्या कनेक्टरपुढेही तो 12 दाखवू शकतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्बचा लॅम्प ओढतो, म्हणून तिथं मिणमिणतो. फ्यूज, किल स्विच तपासायला मला लॅम्पच भावतो. ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींना मात्र तो लावू नका, ईसीयू जळू शकतो.