साथीच्या काळात बंदुकीची दुकानं: बंद, उघडी की अपॉइंटमेंटवर?

२०२०च्या मार्चमध्ये अमेरिकेत लोक टॉयलेट पेपरसोबत बंदुकाही घ्यायला धावले, एफबीआयकडे त्या एका महिन्यात ३७ लाखांवर बॅकग्राउंड चेक (बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणं) गेले, आणि नेमकं तेव्हाच प्रत्येक राज्याला ठरवायचं होतं की ही दुकानं जीवनावश्यक म्हणायची का नाही. न्यूजर्सीत किंवा टेक्सासात तुम्ही मतदार असाल आणि पुढच्या साथीत कुठली बाजू घ्यायची ते ठरत नसेल, तर तेव्हाचे तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघा.

पूर्ण बंद. कॅलिफोर्नियाच्या व्हेंच्युरा काउंटीत दुकानं आणि शूटिंग रेंज ४८ दिवस बंद, सायकलची दुकानं मात्र चालू. आता कॅलिफोर्नियात बंदूक घ्यायची तर लायसन्सवाल्या दुकानात स्वतः जावं लागतं, मग १० दिवस थांबायचं आणि परत जाऊन ताब्यात घ्यायची, काडतुसांनासुद्धा दुकानातच चेक लागतो. म्हणजे दुकान बंद केलं की कायदेशीर रस्ताच बंद, आणि ज्याने आधीच पैसे भरले तो मधल्या मध्ये लटकला. टेक्सासात तसं नाही, तिथे ओळखीतल्या माणसाकडून चेकशिवायही घेता येते, त्यामुळे तिथे दुकानं बंद केली असती तर उलट चेक न होणारेच व्यवहार वाढले असते असं मला वाटतं. ‘बंद’ म्हणताना आपण कुठल्या राज्याबद्दल बोलतोय ते आधी बघायला हवं, आणि हे बहुतेक जण बघत नाहीत.

कोर्टात काय झालं म्हणाल तर सगळा गोंधळ. व्हेंच्युराची बंदी घटनाबाह्य आहे असं जानेवारी २०२२मध्ये नाइन्थ सर्किट या केंद्राच्या अपील कोर्टाच्या बेंचने सांगितलं, पण तो निकाल त्याच वर्षी रद्द होऊन केस खालच्या कोर्टात परत गेली, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

पूर्ण उघडी. टेक्सासच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, मार्चमध्येच सांगून टाकलं की शहरांना आणि काउंट्यांना बंदुकविक्री रोखायचा अधिकार नाही. २८ मार्चला केंद्राच्या सिसा या, पायाभूत सेवांची सुरक्षा बघणाऱ्या एजन्सीनेही दुकानवाले आवश्यक कामगारांच्या यादीत घातले, ती यादी फक्त सल्ला होती पण तिचा दबाव चांगलाच पडला. हिशोब सोपा, भांडण नाही, पण छोट्या दुकानात खांद्याला खांदा लावून गर्दी झाली तर साथीचं काय, याचं उत्तर यात नाही.

अपॉइंटमेंट. न्यूजर्सीने २१ मार्चला बंद केली (दारूची दुकानं चालू होती बरं का), केस झाली, सिसाची यादी आली आणि ३० मार्चला अपॉइंटमेंटवर उघडायची परवानगी दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये हे व्हायला मे उजाडला आणि तेही फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या जजने सांगितल्यावर, तासाला जास्तीत जास्त चार गिऱ्हाइकं. एप्रिलमध्ये एटीएफने (बंदूकविक्रीवर नजर ठेवणारी केंद्राची एजन्सी) दुकानदारांना खिडकीतून किंवा गाडीपाशी व्यवहार करायचीही मुभा दिली होती, म्हणजे मार्ग होता.

माझं मत तिसऱ्याला. त्या वर्षी अमेरिकेत बंदुकीने ४५,२२२ माणसं गेली, निम्म्याहून जास्त आत्महत्या, तेव्हा घरात नवीन बंदूक येण्याची काळजी खरीच आहे. पण संसर्गाचं कारण पुढे करून बंदुका कमी करायला गेलात तर कोर्ट विचारणारच की मग सायकलचं दुकान कसं चालू.

आणि एक गोष्ट दुकानाचं दार उघडं की बंद या वादात कायम मागे पडते. फेडरल कायद्यानुसार साधारणपणे चेकचं उत्तर तीन कामाच्या दिवसांत आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो, काही राज्यांनी हा काळ वाढवलाय पण सगळ्यांनी नाही. गर्दी वाढली आणि तपासणारी माणसं तेवढीच राहिली की उत्तरं रखडतात. न्यूजर्सीने तर दुकानांबरोबर पोलिसांची चेकची सिस्टीमच बंद केली होती. तेव्हा उमेदवार दारात आला तर दुकानांचं विचाराच, पण साथीत चेक करायला माणसं कुठून आणणार तेही विचारा.