डास, मुंग्या, सुरवंट आणि खाज: बडोद्याच्या तिन्ही ऋतूंत वापरलेले घरचे उपाय

हा अनुभव बडोद्यातला आहे, हे आधी सांगायला हवं. कारण चाव्यावरचा एकच उपाय इथे जुलैत वेगळा वागतो आणि मे महिन्यात वेगळा. ओल्या फडक्याची पट्टी, सहाणेवर उगाळलेलं चंदन, मुलतानी माती हे सगळे पाणी उडून जाण्यावर चालणारे उपाय आहेत. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत पाणी भराभर उडतं, कातडी गार पडते आणि खाज खरोखर थांबते. आषाढ-श्रावणात विश्वामित्री नदीला पाणी चढलेलं असतं, हवा दमट असते, तेव्हा तीच पट्टी अर्धा तास ओली राहते आणि अंगाच्या उबेने कोमट होते. डासांचा खरा सुकाळ नेमका त्याच दिवसांत. त्यामुळे चंदनाने आराम पडतो का, याचं उत्तर महिना विचारल्याशिवाय देता येत नाही.

पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोठ्या माणसांवर आणि शाळकरी मुलांवर वापरून बनलेलं मत थोडक्यात असं: थंडावा पहिला, कॅलमाइन (केमिस्टकडचं गुलाबी लोशन) दुसरं, खाण्याचा सोडा तिसरा. कापूर घातलेलं खोबरेल फक्त मोठ्यांसाठी. चुना, लिंबू, लसूण आणि टूथपेस्ट पूर्ण बाद.

उपाय तपासताना फसगत कुठे होते ते समजून घेणं महत्त्वाचं. डासाची मादी रक्त पिताना लाळ सोडते, त्या लाळेला शरीर हिस्टामिन हे खाज आणणारं द्रव्य सोडून उत्तर देतं आणि वीसेक मिनिटांत गांध उठते. ही पहिली गांध बहुतेकांना तास-दोन तासांत आपोआप बसते. त्या वेळात तुळस चोळा, हळद लावा किंवा नुसतं बसून राहा, श्रेय शेवटच्या वस्तूला जातं. काही जणांना दुसऱ्या दिवशी कडक, लालसर पुळी येते आणि ती कित्येक दिवस खाजते. तिच्यामागचं कारण केवळ हिस्टामिन नसतं, म्हणून तिथे निम्मे उपाय गळून पडतात. तपासायची सोपी रीत म्हणजे एकाच पायावरचे दोन चावे घ्यावेत, एकावर उपाय करावा, दुसऱ्यावर तितकंच गार पाणी लावावं. दहा मिनिटांनी दोन्हींत फरक नसेल तर आराम पाण्याचा होता. कडुलिंबाचा पाला उकळून केलेलं पाणी आणि तुळशीचा रस या कसोटीत साध्या पाण्याच्या पुढे गेले नाहीत. हळदीने कपडे पिवळे झाले, खाजेत फरक दिसला नाही.

कोणताही उपाय करण्याआधी साबण आणि पाण्याने जागा धुवायची. नवरात्रात गरब्याच्या मैदानावरून आल्यावर पाय धुळीने आणि घामाने माखलेले असतात, नखं लागलेली असतात. त्यावर तेल किंवा लेप चढवला तर सकाळी पू धरलेला दिसतो. चावा पिकतो तो बहुतेक वेळा खाजवल्यामुळे. मुलांची नखं कापलेली असणं हा अर्धा इलाज आहे.

थंडाव्यासाठी बर्फाचे तीन-चार खडे सुती रुमालात बांधून दहा मिनिटं धरायचे, मग तेवढीच विश्रांती, हवं तर पुन्हा. बर्फ थेट कातडीवर घासू नये, पातळ कातडीला थंडीनेही इजा होते. फ्रीजमध्ये ठेवलेला स्टीलचा चमचा सोयीचा, पण तो मिनिटभरात कोमट होतो, म्हणून चार-पाच चमचे एकदम ठेवावेत आणि आळीपाळीने वापरावेत. चमचे खालच्या कप्प्यात ठेवायचे. फ्रीजरमधला धातू ओल्या कातडीला चिकटतो.

शेकाचा उपाय सर्वांत गुणकारी आणि सर्वांत धोक्याचाही आहे, म्हणून वरच्या क्रमवारीत तो नाही. चाव्याच्या जागी काही सेकंद नेमकी उष्णता दिली की खाज पुष्कळ वेळ गप्प बसते. बाजारातली बॅटरीवरची उपकरणं साधारण 50 अंशांच्या आसपास तापतात आणि काही सेकंदच टेकवायची असतात. घरी लोक चहात बुडवलेला चमचा लावतात, तो 80-90 अंशांचा असू शकतो आणि फोड येतो. त्यापेक्षा फडक्याचं टोक गरम पाण्यात बुडवून पिळावं आणि चार-पाच सेकंद टेकवून उचलावं. पाण्याचं गणित असं की एक वाटी उकळतं पाणी आणि दोन वाट्या 25 अंशांचं पाणी मिळून साधारण 50 अंश होतात. इथेच बडोद्याचा उन्हाळा घात करतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 38-40 अंशांचं येतं, तेच प्रमाण धरलं तर मिश्रण 60 अंशांच्या जवळ जातं. 60 अंशांचं पाणी पाच सेकंदांत मोठ्या माणसाला भाजू शकतं, तर 50 अंशांना तसं व्हायला काही मिनिटं लागतात. दहा अंशांचा हा फरक हाताला कळत नाही, म्हणून मिसळायला माठातलं पाणी घ्यावं किंवा स्वयंपाकातला थर्मामीटर वापरावा. लहान मुलं, पापण्या, आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली माणसं यांच्यावर हा प्रयोग अजिबात नको.

सोड्याचा लेप तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी या प्रमाणात दाटसर कालवायचा, दहा मिनिटं ठेवायचा आणि धुऊन टाकायचा. यामागे मोठ्या चाचण्यांचा आधार नाही, पण डास आणि मुंग्यांच्या ताज्या चाव्यावर साध्या पाण्यापेक्षा थोडा जास्त आराम मिळाला. रात्रभर ठेवला की कातडी कोरडी पडून उलट जास्त खाजते. खरेदीला जाताना लक्ष हवं. इथल्या किराणा दुकानात खाण्याचा सोडा ‘साजीना फूल’ म्हणून मिळतो आणि शेजारच्या पुडीत ‘लींबुना फूल’, म्हणजे सायट्रिक आम्ल असतं. दोन्ही पांढरी. खाजवलेल्या जागी आम्ल लागलं तर आग आग होते. पापडखार आणि धुण्याचा सोडाही चालत नाही, ते फार तीव्र असतात.

कापूर-खोबरेलात नेम चुकतो तो प्रमाणाचा. खाजेवर कापूर साधारण 3 टक्क्यांपर्यंतच वापरतात, घरी तेवढा पुरतो, म्हणजे 100 ग्रॅम तेलाला 3 ग्रॅम. वड्या मोजू नयेत, त्यांचं वजन सारखं नसतं, काट्यावर तोलावं. तेल कोमट करून गॅसपासून लांब न्यावं आणि मगच कुटलेला कापूर घालून ढवळावं, कारण कापूर चटकन पेट घेतो. बाटली काचेची आणि घट्ट बुचाची हवी, नाहीतर कापूर उडून जातो आणि महिन्याभरात नुसतं खोबरेल उरतं. जानेवारीत तेल गोठतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात उभी करावी. दमट हवेत हे तेल लावून झोपलं की घामोळं येतं, त्यामुळे पावसाळ्यात ते चाव्यापुरतंच, बोटाच्या टोकाने. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर लावू नये आणि बाटली कोणत्याही मुलाच्या हाती लागू देऊ नये. कापूर पोटात गेला तर आकडी येते.

कोरफड चांगली आहे, फक्त पान कापून लगेच चोळू नये. कापलेल्या टोकातून पिवळा चीक गळतो, तोच खाज वाढवतो. पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवावं, धुवावं, मग आतला गर काढावा आणि फ्रीजमध्ये गार करावा. अंगभर चावे असतील तर ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे दळून वाटीभर पीठ बादलीतल्या कोमट पाण्यात कालवून मुलाला त्याने न्हाऊ घालावं. पीठ पुरेसं बारीक झालं की ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकताच पाणी दुधाळ होतं, खाली रवा बसला तर पुन्हा दळायचं.

आता बाद केलेल्या गोष्टी. पानाच्या डब्यातला चुना मुंगी किंवा गांधीलमाशीच्या दंशावर लावायची इथे जुनी सवय आहे. आम्लावर अल्कली हा त्यामागचा विचार. पण विष कातडीच्या आत गेलेलं असतं, चुना वरच राहतो, आणि तो इतका तीव्र असतो की खाजवून सोललेली कातडी भाजते. लिंबाच्या रसात ऊन लागल्यावर कातडी जाळणारी द्रव्यं असतात, म्हणून लिंबू चोळून दुपारी बाहेर पडलेल्या माणसाला काळपट डाग किंवा फोड येऊ शकतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. ठेचलेली लसूण बांधून ठेवली तर अक्षरशः फोड उठतो. टूथपेस्टमधला मेंथॉल गार वाटतो, पण त्यातला फेस करणारा पदार्थ कातडी सुकवतो.

सगळ्यात मोठी चूक कीटक न ओळखता उपाय करण्याची. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती पेडेरस नावाचा लांबट, मुंगीसारखा दिसणारा, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा किडा येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर बसलेला असताना हाताने चिरडला की त्याच्यातलं पेडेरिन हे विष कातडीला लागतं आणि साधारण एक-दोन दिवसांनी लाल, भाजल्यासारखा पट्टा उठतो. तो पट्टा कोपराच्या आतल्या बाजूला असेल तर हात दुमडल्यावर समोरासमोर दोन डाग पडतात. बरेच लोक याला नागीण समजतात. किडा फुंकून उडवावा, चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवावं आणि तो हात डोळ्याला लावू नये. इथे हळद, कोरफड, सोडा यांतलं काही कामाचं नाही. गार ओली पट्टी ठेवावी आणि पट्टा मोठा असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. झोपताना खिडकीजवळचा दिवा बंद ठेवणं हा या किड्यावरचा खरा उपाय.

अंगणात शेवगा असेल तर त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात. केस कातडीत रुतलेले असताना चोळलं की ते मोडून आणखी आत जातात. आधी चिकटपट्टी हलकी दाबून एकाच दिशेने ओढावी, दरवेळी नवा तुकडा घेऊन पाच-सहा वेळा, मग धुवावं, मग बर्फ. कपडे वेगळे धुवावेत. मधमाशीचा काटा मात्र नखाने का होईना, ताबडतोब काढायचा, कारण विषाची पिशवी काट्याबरोबर राहते आणि काही वेळ विष ढकलत असते. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे.

सकाळी उठल्यावर ओळीने तीन-चार चावे दिसले तर गादीची शिवण आणि पलंगाच्या फटी तपासाव्यात, ढेकूण असतील तर अंगाला काय लावता याने काहीच बदलत नाही. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती आहे आणि घरातल्या दोघा-तिघांना आहे, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. तिथे घरगुती लेपांत आठवडे घालवू नयेत. डॉक्टर बहुधा 5 टक्के पर्मेथ्रिनचं मलम देतात, आणि घरातल्या सगळ्यांनी ते एकाच दिवशी लावलं तरच उपयोग होतो.

केमिस्टकडच्या वस्तूंपैकी कॅलमाइन घरात असायलाच हवं. झिंक ऑक्साइड आणि गुलाबी रंग देणारं लोह ऑक्साइड तळाशी बसतं, त्यामुळे बाटली जोरात हलवली नाही तर आपण फक्त पाणी लावतो. कापसाने पातळ थर लावावा, दिवसातून तीन-चार वेळा, पंख्याखाली वाळू द्यावा. फुटलेल्या जखमेवर नको. दुसऱ्या दिवशीच्या कडक पुळीवर घरच्या कुठल्याही लेपापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड मलम अधिक कामाचं ठरतं. खूप चावे असतील तर मोठ्या माणसाला 10 मिलिग्रॅम सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी, तास-दीड तासात फरक पडतो, मात्र झोप येते, गाडी चालवू नये. मुलांचा डोस विचारूनच. आणि ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की हातात येणारी, तीव्र स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब कृपा करून घेऊ नका. दोन दिवस जादू वाटते, महिनाभर वापरली की कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते दबून पसरतं.

दंशानंतर ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, उलटी झाली, चक्कर आली किंवा अंगभर गांधी उठल्या तर बर्फ शोधत बसू नये, 108 ला फोन करावा. आग्या मोहोळाच्या माशांनी अनेक डंख मारले असतील तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. चाव्याभोवतीची लाली दोन दिवसांनंतरही पसरत असेल, दुखत असेल, ताप असेल तर ती खाज नव्हे, जंतुसंसर्ग आहे. डास चावल्यानंतर चार ते दहा दिवसांत ताप आला तर डेंगीची तपासणी करावी आणि तोवर अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन न देता पॅरासिटामॉलच द्यावं. जुन्या घरांच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत येते. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू मुख्यतः तीच पसरवते, आणि 2024 च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने मुलांचे बळी घेतले. मुलाला अचानक मोठा ताप, उलट्या आणि आकडी दिसली तर एक तासही घरी काढू नये. भेगा सिमेंटने बुजवणं आणि बारीक विणीची मच्छरदाणी घेणं ही दोन कामं जूनच्या आधी उरकावीत.