पुट्टीखालची बीएमएक्स

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपवर मी सतरा वर्षं काम करतोय. पाइप हातात घेतला की त्याचा गेज, म्हणजे जाडी, अंदाजाने सांगतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण फसलो ते याच मिजाशीपायी.

भाचा नववीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाच्या होसे तोरेसने बीएमएक्स फ्रीस्टाइलचं, म्हणजे छोट्या सायकलवरच्या उड्या-कसरतींचं, सुवर्ण जिंकलं, ते त्याने मोबाइलवर पाहिलं आणि घरातली गिअरची सायकल त्याला नकोशी झाली. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तूच बघ बाबा. तुला लोखंडातलं कळतं."

आधी दुकानात गेलो. मालकाने पुढे-मागे सस्पेन्शन, डबल डिस्क ब्रेकवाली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, पुढे केली. चौदा हजार. पोरगं हुरळलं. पण तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने फ्रेमवरचा एक बारकासा स्टिकर दाखवला, त्यावर २ आकडा. हे आकडे १ ते ५ असतात म्हणे. २ म्हणजे कच्च्या रस्त्यापर्यंत ठीक, चाक जमिनीवरून फार तर १५ सेंटिमीटर उठावं. ३ असेल तर ६१ सेंटिमीटर. खऱ्या उड्या ४ पासून पुढे. "मामा, ह्याच्यावर उडी मारायला लावू नका पोराला," एवढं बोलून तो पंक्चर काढायला बसला. त्या दिवसातला तेवढाच एक भला माणूस.

मग बीएमएक्सच घ्यायची ठरलं. २० इंची चाकं, एकच गिअर, सस्पेन्शन नाही, मोडायला काही नाही. (असं मला वाटलं होतं.) माहिती काढली तर सगळा खेळ स्टीलचा निघाला. स्वस्त फ्रेम हाय-टेन (हाय टेन्साइल) स्टीलची, चांगली क्रोमोलीची, म्हणजे ४१३० ग्रेड. क्रोमियम साधारण एक टक्का, थोडं मॉलिब्डेनम. ताकद जास्त, म्हणून पाइप पातळ चालतो आणि सायकल हलकी होते. नवी पूर्ण क्रोमोलीची घ्यायची तर आमचं बजेट पुरेना, तेव्हा सेकंड हँड बघायला लागलो.

जाहिरात अशी होती: इम्पोर्टेड बीएमएक्स, फुल क्रोमोली, भाऊ दुबईला गेल्यामुळे विकणे आहे, २८,०००. फोटोत मागे गुलाबी भिंत. फोन केला तर समोरचा पोरगा गोड बोलला. नाशिकचं एक गिऱ्हाईक उद्या सकाळी येतंय म्हणाला, दोन हजार टोकन टाका, गाडी तुमच्यासाठी ठेवतो. टाकले. इथेच पहिली चूक झाली, कारण टोकन गेलं की माणूस वस्तू बघायला जात नाही, आणायला जातो.

संध्याकाळी साडेसातला त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलावलं. एकच ट्यूबलाइट, तीही लुकलुकती. सायकल मॅट काळ्या रंगात, झकास दिसत होती. फ्रेमवर ४१३० चा स्टिकर. गप्पांत मी कुठे काम करतो ते त्याने काढून घेतलं आणि म्हणाला, "मग तुम्हाला मी काय सांगणार दादा, तुम्ही तर धातूतले." खिशातून चुंबक काढून फ्रेमला लावलं. "बघा, चिकटलं. अ‍ॅल्युमिनियम नाही, क्रोमोली आहे."

चुंबक तर आमच्या शॉपच्या गेटलाही चिकटतं. हाय-टेनला चिकटतं, क्रोमोलीला चिकटतं, भंगाराला चिकटतं. मला हे कळत होतं. मी मनात हसलो, पोराला काही कळत नाही असं समजलो, आणि त्या हसण्यात बाकीचं तपासायचं राहिलं. आता वाटतं, ते चुंबक त्यासाठीच होतं.

२२,५०० ला सौदा झाला. टोकन वजा जाता उरलेले रोख दिले. "यूपीआयची लिमिट संपलीय दादा." पावती वगैरे काही नाही.

पुढच्या रविवारी भाचा स्केटपार्कवर गेला. तिथल्या पोरांनी लांबूनच ओळखलं. पुढची चकती ४४ दात्यांची, मागे १६ चं फ्रीव्हील. आताच्या फ्रीस्टाइल सायकलींना पुढे २५ आणि मागे ९ दाते असतात. जोर जवळपास तेवढाच, पण चकती लहान असल्यामुळे कठड्यावर आपटत नाही. मागे ९ दात्यांची चकती बसवायला कॅसेट हब, म्हणजे चाकाचा वेगळ्या प्रकारचा मधला भाग, लागतो, साध्या फ्रीव्हीलवर ते होत नाही. मागच्या चाकाचा नटही १५ च्या पान्याने सुटला, म्हणजे आतला एक्सल १० मिलिमीटरचा. पेग, म्हणजे एक्सलच्या टोकाला लावायच्या नळ्या, लावून कठड्यावर घासायचं तर १४ चा एक्सल हवा, त्याच्या नटाला १७ चा पाना लागतो. हे सगळं दोन मिनिटांचं काम होतं. आमच्या शॉपवर पान्यांचे दोन पेटारे आहेत.

मी भाच्याला म्हटलं, असू दे, सुटे भाग नंतर बदलू, फ्रेम तर चांगली आहे ना.

तिसऱ्या आठवड्यात तो तीन पायऱ्यांवरून उतरला आणि पुढची खालची नळी हँडलखालच्या जोडापासून सुटली. हेल्मेट होतं म्हणून वाचला. हनुवटीला तीन टाके पडले, मनगटाला बारीक फ्रॅक्चर. बहीण मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी फ्रेम शॉपवर नेली. जोडावर ग्राइंडर टेकवला तर ठिणग्यांच्या आधी पांढरी भुकटी उडाली. पुट्टी! गाडीच्या डेंटवर भरतात ती. त्याखाली आधीच्या चिरेवर कुणीतरी रॉड मारून आर्क वेल्डिंग केलेलं, ढेकळासारखं. एवढ्या पातळ नळीला आर्गॉन वेल्डिंगशिवाय हात लावायचा नसतो, शेजारची जागाच जळून कमकुवत होते. तळाशी, पेडलच्या दांड्या बसतात त्या नळीच्या खालच्या बाजूला सहसा कंपनीचा नंबर असतो, तो घासून काढलेला. मोडलेले तुकडे आणि सगळे भाग एकत्र काट्यावर ठेवले, पावणेचौदा किलो. पूर्ण क्रोमोलीची अख्खी सायकल साधारण अकराच्या आसपास भरते. बॅगा तोलायचा लटकता काटा तीन-चारशेला मिळतो. तो त्या संध्याकाळी खिशात असता तर पार्किंगमधूनच परत फिरलो असतो.

विकणाऱ्याचा फोन नंबर तोवर बंद झाला होता. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, पण ऑनलाइन गेलेले दोनच हजार, तेही तीन आठवड्यांपूर्वीचे. तक्रार नोंदवून घेतली, पैसे कधीच पुढे सरकले होते. चौकीत विचारलं, "वस्तू बघून, हाताळून घेतली ना?" हो म्हणावं लागलं. "रोख दिल्याचा पुरावा?" नव्हता. अर्जावर शिक्का मिळाला.

फ्रेम शॉपच्या भिंतीवर टांगून ठेवलीय, नव्या पोरांना खराब वेल्डिंग दाखवायला कामाला येते.

गेल्या आठवड्यात भाच्याने मोबाइल पुढे केला. वेगळं नाव, वेगळा नंबर, निळी बीएमएक्स, फुल क्रोमोली. मागे तीच गुलाबी भिंत. भाऊ या वेळी कॅनडाला गेलाय. शॉपमधल्या एकाच्या फोनवरून मी आवाज बदलून बोललो. टोकन टाकतो म्हटल्यावर तो खुलला. मग म्हटलं, "दिवसाउजेडी बघायला येतो, काटा आणि १७ चा पाना घेऊन."

फोन कट झाला. चुंबक आणायचं तर मी म्हटलंच नव्हतं.