इंग्रजी वाक्यांचा भिंतीवरचा तक्ता: घ्यावा, पण खाली एक कागद जोडून

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वह्या-पुस्तकांच्या दुकानात मिळणारा हा तक्ता: वर ‘काइंड्स ऑफ सेंटेन्सेस’, खाली चार रंगांचे चार चौकोन आणि तळाशी एक अरुंद पट्टी. कागदाला प्लास्टिकचा मुलामा आहे, त्यामुळे खिडकीसमोर टांगला तर चकाकतो आणि मागच्या बाकावरून अर्धा दिसत नाही. खिडकी असलेल्याच भिंतीवर लावा, त्रास जातो.

चौकोन विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी वाक्यांचे. नावं बरोबर, उदाहरणं सोपी, प्रत्येक वाक्याचं शेवटचं चिन्ह लाल शाईत. पाचवी-सहावीला प्रकार ओळखण्यापुरतं हे चालतं. पण खरी गोम त्या लाल चिन्हातच आहे. मूल वाक्य न वाचता टोकाकडे बघतं आणि उत्तर देतं. चिन्ह बोटाने झाकून विचारा, लगेच अडखळतं.

सर्वांत कच्चा चौकोन प्रश्नार्थी वाक्यांचा, आणि आपल्या मुलांना तोच सर्वांत जड जातो. मराठीत ‘बस आली’ला शेवटी ‘का’ लावलं की प्रश्न तयार. कन्नडमध्येही ‘बस बंतु’चं ‘बस बंता?’ होतं, म्हणजे खूण शेवटीच. सीमाभागातलं मूल दोन्ही भाषा ऐकत वाढतं आणि दोन्हींत वाक्याची सुरुवात तशीच राहते. इंग्रजीत मात्र बदल वाक्याच्या तोंडाशी होतो. ‘धिस बस गोज टु निपाणी’ घ्या. ‘गोज’मधला ‘ज’ काढायचा, तो ‘डू’ या सहायक क्रियापदाला देऊन ‘डज’ करायचं आणि ‘डज’ सर्वांत पुढे आणायचं: ‘डज धिस बस गो टु निपाणी?’ वह्यांत सर्रास ‘डज धिस बस गोज’ दिसतं, कारण ‘ज’ एकाच क्रियापदावर बसतो हे कुणी दाखवलेलं नसतं. भूतकाळातही तेच. ‘द बस केम’चं ‘डिड द बस कम?’ होतं, भूतकाळ ‘डिड’ने उचलला, म्हणून ‘केम’ मूळ रूपावर आलं. वाक्यात आधीच इज, वॉज, कॅन, विल असेल तर ‘डू’ची गरज नाही, तोच शब्द पुढे आणायचा. तक्त्यावर यातलं काहीच नाही, नुसते तयार प्रश्न छापलेत. दहावीला अधोरेखित शब्द उत्तर येईल असा प्रश्न तयार करा म्हणतात, तेव्हा तयार प्रश्न पाठ असून काय उपयोग?

आज्ञार्थी चौकोन चांगला आहे. हुकूम, विनंती आणि सल्ला यांची वेगळी उदाहरणं दिलीत. एकच भर घाला: मराठीतलं ‘दे’ आणि ‘द्या’ इंग्रजीत दोन्ही ‘गिव्ह’च. कुंदा ही बेळगावची मिठाई मागताना दुकानदाराला आदराने बोलायचं तर ‘प्लीज’ हवं, नाहीतर ‘गिव्ह मी हाफ अ किलो’ उद्धट वाटतं.

‘कुड यू ओपन द विंडो?’ हे वाक्य प्रश्नार्थी चौकोनात आहे. रूप प्रश्नाचं, काम विनंतीचं. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, इंग्रजी पेपरात ‘लँग्वेज फंक्शन’ विचारतात तेव्हा हे काम सांगायचं असतं. तक्त्यावर विसंबलेलं मूल तिथे ‘क्वेश्चन’ लिहून गुण घालवतं.

उद्गारार्थी चौकोनातलं ‘हुर्रे! वुई वन द मॅच’ हे खरं तर केवलप्रयोगी अव्ययामागे साधं विधान आहे. अस्सल नमुना ‘व्हॉट अ बिग मार्केट इट इज!’ किंवा ‘हाउ बिग द मार्केट इज!’ ‘व्हॉट’बरोबर नाम लागतं, ‘हाउ’बरोबर विशेषण किंवा क्रियाविशेषण. ‘इज इट’ असं उलटवलं की चुकलंच.

तळाच्या पट्टीत केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यं आहेत. केवल वाक्य आखूड आणि मिश्र लांबलचक दिल्यामुळे मुलं लांबी मोजतात. ‘आफ्टर द हेवी रेन, द ओल्ड रोड टु जांबोटी वॉज क्लोज्ड फॉर टू डेज’ एवढं लांब असूनही केवल आहे. ‘आय नो हू केम’ चारच शब्दांचं, तरी मिश्र. मोजायची ती काळ दाखवणारी क्रियापदं आणि त्यांचे कर्ते. इथे ‘नो’चा कर्ता ‘आय’, ‘केम’चा ‘हू’.

याहून मोठी चूक आपल्या जोडशब्दांतून येते. जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा हे मराठीत जोडीने चालतात, म्हणून ‘ऑल्दो इट रेन्ड, बट वुई वेंट’ लिहिलं जातं. इंग्रजीत एकच पुरे: ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’. तसंच ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द बस स्टँड’ चूक. गौणवाक्य झालं की प्रश्नाचा क्रम सुटतो आणि ‘व्हेअर द बस स्टँड इज’ होतं. यासाठी पट्टीत एक ओळही नाही.

पाचवी ते सातवीच्या वर्गासाठी तक्ता जरूर घ्या. दहावीच्या एकट्या मुलासाठी त्या पैशांत वही बरी. वर्गात लावाल तर लाल चिन्हांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवा. तक्त्याखाली एक कोरा कार्डशीट जोडा आणि त्यावर रोज एकच विधान लिहा. त्याचं नकारार्थी, प्रश्नार्थी आणि जमत असेल तर उद्गारार्थी रूप मुलांकडून फळ्यावर करून घ्या. चिन्ह सर्वांत शेवटी, मुलांच्याच हाताने.